पांढरी दिसणारी जागा

तिचं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो, आणि ते वाचून झाल्यावरही जेवत राहिलो, एवढं मला पक्कं आठवतं. ताटावरून उठलो असतो तर हिने विचारलं असतं, काय झालं. पत्र घडी करून मी खिशात ठेवलं आणि म्हटलं, "एका विद्यार्थिनीचं आहे. खुशालीचं." पुढे सहा महिने मी त्याला उत्तर दिलं नाही.

मी सव्वीस वर्षं डेंटल कॉलेजात रूट कॅनाल शिकवलं. शिकवलं म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोललो. मुलांच्या डोळ्यांत बघून बोलणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. ही विद्यार्थिनी मागच्या बाकावर बसायची आणि तास संपल्यावर जिन्यात गाठून प्रश्न विचारायची. लायब्ररीतून नेलेलं पुस्तक वेळेवर परत करणारी माझ्या आठवणीतली ती एकटीच. आता ती एका लहान गावात स्वतःचा दवाखाना चालवते. मला मोबाईल वापरता येत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून पत्र.

तिने लिहिलं होतं:

"सर, एक अडचण आहे, तुमच्याशिवाय कुणाला विचारू कळत नाही. सोळा वर्षांची मुलगी आहे. बाराव्या वर्षी पोहण्याच्या तलावाच्या काठावर तोंडावर आपटली. वरचा पुढचा दात मेला, त्याच्या मुळाभोवतीचं हाड झिजत गेलं, वाटाण्याएवढा खड्डा झाला. मी रूट कॅनाल केलं, हिरडी उघडून खड्डा साफ केला आणि तुम्ही शिकवलंत तशी पूड भरून वर पडदा ठेवला. नऊ महिने झाले. एक्स-रेची फिल्म अगदी तुमच्या फिल्मसारखी पांढरी आली आहे. पण मुलगी म्हणते दुखतं. तिची आई म्हणते, सोंगं आहेत, परीक्षा जवळ आली की हिचं दुखतं. मीही तिला तेच म्हणाले, जरा गोड शब्दांत. पण मनाला बरं वाटत नाही. एवढंच सांगा सर, मी फिल्मवर विश्वास ठेवू की मुलीवर?"

उत्तर मला येत होतं. तीन शब्दांचं होतं. मुलीवर विश्वास ठेव.

ते का लिहिलं नाही हे सांगायचं तर थोडं दातांबद्दल सांगावं लागेल. कंटाळवाणं होईल याची भीती वाटते, पण इलाज नाही.

दात मेला आणि आत घाण राहिली की ती मुळाच्या टोकातून बाहेर झिरपते, आणि भोवतालचं हाड मागे सरकत जातं. जणू शेजारी भांडखोर आला म्हणून हाड घर सोडतं. त्या रिकाम्या जागेत पू, गाठी, नाही नाही ते जमतं. एक्स-रेच्या फिल्ममध्ये हाड पांढरं दिसतं आणि ही जागा काळी. मुळाची नळी नीट साफ केली तर बहुतेक वेळा हाड आपोआप परत येतं. खड्डा फार मोठा असेल तर हिरडी उघडावी लागते. तिथे एक पंचाईत असते: हाड सावकाश येतं आणि हिरडीचं मांस भराभर वाढतं. मांस आधी घुसलं तर हाडाला जागाच उरत नाही. म्हणून मध्ये एक पातळ पडदा ठेवायचा, म्हणजे मांस बाहेर अडतं आणि आत हाडाला सवड मिळते. त्या पडद्याखाली खड्ड्यात हाडासारखी पूडही भरायची, अशी एक पद्धत आहे. माझ्या उमेदीच्या काळात ती नवी होती आणि मी तिच्या प्रेमात पडलो होतो. प्रेमात पडणं हा माझा स्वभाव नाही. म्हणूनच बहुधा सावरता आलं नाही.

आता यातली मेख. पूड ज्या पदार्थाची असते तो एक्स-रेमध्ये हाडाइतकाच पांढरा दिसतो. म्हणजे पूड भरल्या दिवशीच काळी जागा पांढरी होते. पुढे ती पांढरी जागा हाड आहे की नुसती पडून राहिलेली पूड, हे फिल्म सांगत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आठ महिन्यांनी मी जी फिल्म काढली तिच्यात कण वेगळे दिसत नव्हते, सगळं एकजीव वाटत होतं. निदान मला वाटलं. मी ती फिल्म खिडकीच्या काचेला लावून इतका वेळ बघत उभा राहिलो होतो की शिपायाने येऊन विचारलं, "सर, बाहेर कोण आहे?"

त्या दोन फिल्म, आधीची काळी आणि नंतरची पांढरी, घेऊन मी एक लेख लिहिला. तो छापून आला. माझ्या आयुष्यातलं छापील असं तेवढंच. पुढे दरवर्षी मी त्या दोन फिल्म वर्गात पडद्यावर दाखवायचो. पहिली दाखवायची, थांबायचं, मग दुसरी. वर्गातून "अरे वा" असा एक आवाज उठायचा. वर्षातून एकदा, एका मिनिटापुरता, मी मुलांकडे तोंड करून उभा राहू शकायचो.

तो दात माझ्या बायकोचा होता.

लेखात तसं लिहिलं नव्हतं अर्थात. लेखात ती "बत्तीस वर्षांची रुग्ण" होती. ही शाळेत भूगोल शिकवायची. ती तेव्हाही थट्टेने म्हणायची, "जगात माझा एवढाच फोटो छापून आलाय, आणि त्यात मी आतून दिसते."

लेख छापल्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी हिचा गाल सुजला. मी हिला खुर्चीत बसवून फिल्म काढली. तीही तशीच पांढरी होती, दुसऱ्या फिल्मच्या शेजारी ठेवली असती तर कुठली कुठली ते मलाही कळलं नसतं. मग मी हिरडी उघडली. आत हाड नव्हतं. ओल्या रेतीसारखे कण मऊ मांसात सुटे पडले होते, आणि त्यांच्याखाली पू. दात बोटाच्या जोराने हलत होता. तो काढावा लागला. भिंगाखाली धरला तेव्हा मुळाच्या बाजूला एक बारीकसं भोक दिसलं. नळीची एक आडवाट होती, ती मी साफच केली नव्हती. खालचा विस्तव तसाच ठेवून मी वरून राख सारखी करत बसलो होतो.

तिसरी फिल्म मी कुणाला दाखवली नाही. एका जाड शब्दकोशात ठेवून दिली आणि तो शब्दकोश पुन्हा उघडला नाही. अडला शब्द दुसऱ्यांना विचारत राहिलो. पहिल्या दोन फिल्म मात्र निवृत्त होईपर्यंत आणखी सोळा वर्षं वर्गात दाखवल्या. ती मागच्या बाकावरची मुलगी त्या सोळा वर्षांतली.

आता सांगा, तीन शब्दांचं उत्तर कसं लिहायचं? "मुलीवर विश्वास ठेव" म्हटलं की ती विचारणार, का सर? तुमच्या पेशंटच्या वेळी काय झालं होतं? आणि पेशंट तर त्या वेळी आठ महिने मला सांगत होती, अहो, दुखतंय. आणि मी फिल्म तिच्या डोळ्यांसमोर धरून म्हणत होतो, हे बघ, इथे काही नाही, तुला उगीच वाटतं.

या सहा महिन्यांत मी पत्राला सुरुवात केली नाही असं नाही. "चि. सौ. का." लिहावं की "प्रिय डॉक्टर" इथेच दोन आठवडे गेले. मग तारीख जुनी झाली म्हणून कागद बदलला. एकदा पूर्ण पानभर लिहिलं आणि वाचून बघितलं तर त्यात पडद्याच्या जाडीबद्दल सगळं होतं, दुखण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. फाडून टाकलं.

मध्ये तिने हिच्या साध्या, बटणांच्या मोबाईलवर दोनदा फोन केला. मी हाताने नाही नाही अशा खुणा केल्या. ही म्हणाली, "अगं, ते आंघोळीला गेलेत." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "परवाही चार वाजता तुम्ही आंघोळीलाच होतात. तिला वाटत असेल, सर निवृत्त होऊन मासा झाले."

"लिहितोय मी तिला."

"माझ्या वर्गात असतात ना तुम्ही, तर कोरी उत्तरपत्रिका म्हणून ऑफिसात धाडलं असतं."

हिला पत्रातला मजकूर ठाऊक नव्हता. मी एखादी गोष्ट लांबणीवर टाकतो यात हिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

या महिन्याच्या बारा तारखेला दुसरं पत्र आलं. मी ते टेबलावर पालथं ठेवलं. दोन दिवस ते तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी ही चहाचे कप घेऊन आली, पाकीट उचललं, केसांतल्या पिनेने फोडलं आणि माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचायला लागली. वर्गात धडा वाचावा तसं हिचं वाचन, स्वल्पविरामालाही थांबून.

"आदरणीय सर, आनंदाची बातमी. गेल्या दोन भेटींत मुलीने दुखतं असं एकदाही म्हटलं नाही. विचारलं तर हसून नाही म्हणते. तिची आई तर माझ्या पाया पडायचीच बाकी होती. फिल्म तर पांढरी होतीच. सर, तुम्ही उत्तर दिलं नाहीत याचं आधी मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आता कळलं. माझं मी शोधावं, घाबरून तुमच्याकडे धावू नये, हेच तुम्हाला शिकवायचं होतं. वीस तारखेला तिची शेवटची तपासणी. त्याच संध्याकाळी ती शिकायला लांब जाते आहे, होस्टेलवर राहणार. मी फाइल बंद करते आहे. तुमची आणि माझी फिल्म शेजारी शेजारी लावून दवाखान्यात टांगणार आहे."

मला आधी काय वाटलं ते सांगायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. मुलीचं दुखणं थांबलं होतं. म्हणजे तिथे हाड आलं असेल. येतंही काही जणांचं. सगळ्यांच्याच मुळाला आडवाट नसते. मी खुर्चीत जरा मागे रेललो आणि चहाचा कप उचलला.

हिने पत्र खाली ठेवलं नव्हतं. पुन्हा वरची ओळ वाचत होती.

"कसलं दुखणं हे?"

मग मला पहिलं पत्रही दाखवावं लागलं. ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, घड्यांवर फाटत आलेलं. हिने ते सावकाश वाचलं. कपातल्या चहावर साय धरली.

"त्या मुलीचं थांबलं नसणार," ही म्हणाली.

"ती स्वतःच सांगतेय ना थांबलं म्हणून."

"मीपण सांगितलं होतं."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही.

"तुम्ही तो लेख लिहीत होतात," ही म्हणाली, "पलंगावर सगळीकडे कागद पसरलेले, आणि मधोमध माझा दात. तुम्ही विचारलंत, आता कसं आहे? मी म्हटलं, थांबलं. तुम्ही लगेच लिहून घेतलंत. मान वर न करता."

"आणि थांबलं नव्हतं?"

"थांबलं असतं तर गाल काय हौसेने सुजला?"

"मग थांबलं असं का सांगितलंस?"

"आठ महिने तुम्ही मला फिल्म दाखवत होतात. बघ, किती छान. मी दुखतं म्हटलं की तुमचा चेहरा पडायचा, पहिल्या फेरीत बाद झालेल्या पोरासारखा. मग मलाच कळेनासं झालं. दुखतंय, की मी दुखवून घेतेय? सफरचंद चावताना मी स्वतःवर लक्ष ठेवायचे, नाटक तर करत नाही ना म्हणून. शेवटी दुखण्यापेक्षा ते सांगण्याचाच कंटाळा आला. एकदा थांबलं म्हटलं आणि घरात सगळे खूष. स्वस्तात सुटले."

ही हे सगळं अगदी सहज सांगत होती, एखादी जुनी बदली किंवा जुनं घर सांगावं तशी. मी चहाचा कप तसाच बशीत ठेवला.

लेखातलं ते वाक्य मला तोंडपाठ आहे: "आठव्या महिन्यानंतर रुग्णाची कोणतीही तक्रार राहिली नाही." इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो की बाकी काही असो, हे एक वाक्य खरं आहे. ती बोललीच होती तसं. नंतर बिघडलं, त्याला मी काय करणार? आणि ते वाक्य वाचून, ते दोन चौकोन बघून, किती जणांनी किती जणांच्या तोंडात रेती भरली असेल आणि समोरच्या माणसाला सांगितलं असेल की तुला उगीच वाटतं. मी मोजायला लागलो आणि थांबलो. एका वर्गात चाळीस मुलं असायची.

"अहो," ही म्हणाली, "आज पंधरा तारीख आहे."

त्या मुलीच्या मुळाशी पू असेल तर तो वीस तारखेनंतर कुणी बघणार नव्हतं. नव्या गावात नवा डॉक्टर फिल्म काढेल, पांढरी आहे म्हणेल. ती स्वतःहून बोलणार नाही. बोलून काय होतं ते ती शिकली होती. एक दिवस गाल सुजेल. तोवर शेजारच्या दातांचंही हाड गेलेलं असेल. सोळाव्या वर्षी पुढचे दोन-तीन दात. आणि दातांपेक्षा ते दुसरं, आपल्याला खरंच दुखतं की नाही हेच न कळणं. ही त्यातून बाहेर आली असं मी धरून चाललो होतो. आता तेही सांगता येत नाही.

"फोन लाव," मी म्हटलं.

हिने चमकून माझ्याकडे बघितलं, पण लावला आणि मोबाईल माझ्या कानाशी धरला, कारण मला तो नीट धरताही येत नाही.

"सर! अय्या, सर तुम्ही स्वतः!" पलीकडे यंत्राचा घर्रघर्र आवाज होता, तो बंद झाला. "थांबा हां, पेशंटला चूळ भरायला सांगते. सर, पत्र मिळालं?"

"मिळालं."

"तुम्हाला आवडलं ना? मी किती घाबरले होते माहितीये? आणि तुम्ही गप्प! नंतर कळलं मला. आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं, म्हटलं, याला म्हणतात शिकवणं."

"हो. म्हणजे, ती मुलगी..."

"मस्त आहे सर! काल भेटली रस्त्यात. म्हटलं, दात काय म्हणतोय? म्हणाली, काही नाही, डॉक्टर. इतकी गोड हसली."

हसताना ओठ किती वर गेला, हे विचारायचं माझ्या मनात होतं. दुखऱ्या दाताचा माणूस वरचा ओठ सांभाळून हसतो. मी तोंड उघडलं.

"छान," मी म्हणालो. "छान, छान."

"आशीर्वाद असू द्या सर."

"आहेच," मी म्हणालो. आणि फोन संपला.

हिने मोबाईल टेबलावर ठेवला. मी खाली बघत होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला इतकी लाज वाटू शकते हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं होतं, वयाबरोबर तीही जराशी बधिर होत असेल.

"तूच सांग तिला," मी म्हटलं. "तुझाच दात आहे. तुझं ऐकेल ती."

"मी सांगितलं तर म्हणेल, काकू, काळजी करू नका, फिल्म पांढरी आहे. तिला तुमची सही लागेल." ही उठली आणि गार झालेले कप उचलले. "तोंडातून तुमच्या काही येत नाही, ते मी लग्नाला होकार देतानाच बघितलं होतं. हातातून येतंय का बघा."

मी आतल्या खोलीत गेलो. तो शब्दकोश सर्वांत खालच्या फळीवर होता. गुडघे टेकून काढावा लागला. फिल्म मधल्या पानांत होती, मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढी, कडा पिवळट पडलेल्या. मी ती खिडकीला लावली. किती वर्षांनी. मनात एक वेडी आशा होती की आता तरी काहीतरी दिसेल: एखादी काळी रेघ, सुटा कण, ज्यावरून तेव्हा मला कळायला हवं होतं असं म्हणता येईल. काही दिसलं नाही. पांढरी, शांत, निर्दोष फिल्म. त्या दिवशी त्या पांढऱ्याखाली पू होता, आणि तो सांगणारी एकच गोष्ट खोलीत होती, तिला मी गप्प केलं होतं.

मग मी बसलो आणि लिहिलं. मायना काय लिहावा याचा विचार केला नाही.

"तू मला विचारलंस, फिल्मवर विश्वास ठेवू की मुलीवर. मुलीवर ठेवायचा होतास. हे मी सहा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. मी तुला काहीही शिकवत नव्हतो. मी घाबरलो होतो.

सोबत तीन फिल्म आहेत. दोन तुला पाठ आहेत. तिसरी लेख छापल्यानंतर दोन वर्षांनी, दात काढला त्या सकाळची. ती काढली तेव्हा आत पू होता आणि पुडीचे कण सुटे होते. तिन्ही उजेडाला धरून बघ. दुसरी आणि तिसरी यांत तुला फरक सापडला तर मला कळव, मला सापडला नाही. पेशंट माझी बायको होती. तिने आठ महिने दुखतं म्हणून सांगितलं, आणि मी ऐकत नाही हे बघून थांबलं म्हणून सांगितलं. लेखातलं ते वाक्य असं आलं. तुझ्याकडच्या त्या मुलीनेही तुला तसंच सांगितलं असेल, असं आम्हा दोघांना वाटतं.

वीस तारखेला तिला दुखतं का असं विचारू नकोस. ती नाहीच म्हणेल. आईला बाहेर बसव. आरशाच्या दांड्याने आधी लांबच्या दातांवर हलके ठोक, गप्पा मारत, क्रम न लावता, आणि मग त्या दातावर. तिच्या तोंडाकडे बघू नकोस, पापणीकडे बघ. मग मुळाच्या टोकावर, हिरडीवर, बोटाने दाब. श्वास अडतो का बघ. अडला तर तिला आधी हे सांग की तुझं खरं होतं आणि आमचं चुकलं. बाकी सगळं त्यानंतर.

नळी पुन्हा उघडून साफ कर. मी एक आडवाट सोडली होती, तूही सोडली असशील, मी शिकवलं तसंच तू केलंस. त्यानेही भागलं नाही तर हिरडी उघडून ती पूड धुऊन काढ, सगळी. रक्त भरू दे. वर पडदा ठेव आणि थांब. हाड यायचं असेल तर येतं, आपण ते भरू शकत नाही. फिल्म काळी दिसेल, महिनोन्महिने काळी दिसेल. दिसू दे. ती काळ्याची पांढरी हळूहळू कडेकडून होत आली, तरच ते हाड.

पापणी हलली नाही तर मी म्हातारा उगीच घाबरलो असं समज आणि तिला जाऊ दे. पण दवाखान्यात माझी फिल्म टांगू नकोस."

सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं होतं, पण पुन्हा लिहून काढायला बसलो असतो तर पत्र पुन्हा खिशात गेलं असतं, हे मी आता स्वतःबद्दल जाणतो. तिन्ही फिल्म पुठ्ठ्यात घातल्या. हिने ते पत्र वाचायला मागितलं नाही. बाहेर पडताना एवढंच म्हणाली, "पत्र येतंय असा निरोप मी तिला पाठवलाय."

"काय म्हणाली?"

हिने मोबाईल पुढे केला. तिने लिहिलं होतं: "सरांचा लेखी आशीर्वाद! आता तर फ्रेमच करते."

पोस्टात पोचलो तेव्हा एकच खिडकी उघडी होती. माझ्यापुढे तीन माणसं होती, आणि तिसऱ्याला पार्सलवरचा पत्ता आठवत नव्हता. मी आजवर कधी रांगेत कुणाच्या पुढे गेलेलो नाही. त्या दिवशीही गेलो नाही, पण त्या माणसाला म्हटलं, "आठवेपर्यंत मला जाऊ द्याल का?" माझ्याच आवाजाने मी दचकलो.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वाकवून बघितलं.

"आत काय आहे आजोबा?"

"एक्स-रे."

"मग दुमडू नये असं लिहा वर. तुमचे?"

"बायकोचे."

"बऱ्या आहेत ना त्या?"

मी म्हटलं, "वीस तारखेच्या सकाळपर्यंत पोचायला हवं."

बाई बोटांवर मोजू लागल्या. "आजची गाडी गेली. म्हणजे उद्या सोळा. सतरा, अठरा... परवा आम्हाला सुट्टी आहे. एकोणीसला तिथे पोचेल, वाटप वीसला. सकाळी की दुपारी ते तिथला पोस्टमन जाणे."

"याहून लवकर काही?"

"याहून लवकर आधी टाकायचं असतं, आजोबा," त्या म्हणाल्या. वाईट म्हणून नाही, रोजचंच म्हणून. मग माझ्याकडे बघून जरा थांबल्या आणि लाल खडूने पाकिटावर दोन रेघा ओढल्या. "हे तातडीच्या गठ्ठ्यात घालते. पोचेल बहुतेक."

मी पेन मागून घेतलं आणि वर लिहिलं, दुमडू नये. मग त्याच्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, लिहिलं: मुलीला तपासण्याआधी उघडावे. बाईंनी ते वाचलं. शिक्का मारला आणि पाकीट मागच्या गठ्ठ्यावर टाकलं.